शब्द एक, अर्थ दोन : कावेरीकाठच्या मराठी इतिहासातील काही पाने



गणपती ही विद्येची देवता, तशीच ती लेखनाचीही. व्यासांनी महाभारत सांगावे आणि गजाननाने ते लिहून घ्यावे ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गणरायाने अट घातली, की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही. मग थोडी उसंत हवी असेल तेव्हा व्यास एखादा कूटश्लोक टाकीत. वरवर एक अर्थ दिसावा आणि आत दुसराच असावा, असा तो श्लोक. सर्वज्ञ गणपतीलाही तेथे क्षणभर थांबावे लागे आणि तेवढ्या वेळात व्यासांचे पुढचे श्लोक तयार होत. अशा श्लोकांची संख्या परंपरेने ८,८०० सांगितली जाते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात ही कथा मूळ संहितेत न घेता परिशिष्टात ठेवलेली आहे. तरीही मला ही कथा फार मोलाची वाटते. लिहिण्याआधी अर्थ समजून घ्या, हा तिचा उपदेश आहे. वाचण्याआधीही तो तितकाच लागू आहे. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर कधी गंमत होते, कधी काव्य होते, तर कधी राज्य जाते. या तिन्ही गोष्टी आपण राहतो त्या कावेरीच्या खोऱ्यात घडून गेल्या आहेत. उत्सवाच्या निमित्ताने त्यांची उजळणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर–आटपाडीकडची आमची माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी भारतभर पांगली, त्यांतलाच मी एक. तीसेक वर्षे कुंभकोणमात आहे. दिवसभर मूस आणि भट्टी, आणि रात्री जमेल तेवढे वाचन. धंद्याने एक सवय मात्र लावली आहे. पिवळे दिसले म्हणून सोने म्हणायचे नाही, आधी टंच काढायचा. शब्दांच्या बाबतीतही मी तेच करू लागलो आहे.

गावाच्या नावातच दोन अर्थ

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. प्रलयाच्या वेळी अमृताचा कुंभ वाहत येथे आला, शंकराने बाण मारून तो फोडला आणि अमृत सांडले, ही स्थलपुराणातली कथा सर्वांना ठाऊक आहे. कुंभेश्वराचे देऊळ आणि महामहम् तलाव हे त्याच कथेशी जोडलेले आहेत. पण ‘कोणम्’ म्हणजे काय? मराठी माणूस चटकन म्हणतो, कोन, म्हणजे कोपरा.

गावाचे जुने तमिळ नाव ‘कुडमूक्कु’. कुडम् म्हणजे घागर आणि मूक्कु म्हणजे नाक. घागरीचे नाक म्हणजे तिची तोटी किंवा तोंड. संस्कृतात नाकाला ‘घोणा’ असाही शब्द आहे. म्हणून संस्कृत पंडित गावाला ‘कुंभघोणम्’ म्हणत. येथील कृष्णाचार्य आणि व्यासाचार्य यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाभारताची दाक्षिणात्य परंपरेची प्रत छापून प्रसिद्ध केली, ती अभ्यासकांत ‘कुंभघोणम् प्रत’ म्हणूनच ओळखली जाते. म्हणजे ‘घोण’चे ‘कोण’ झाले, नाकाचा कोपरा झाला, आणि आज दोन्ही अर्थ गावाला चिकटून बसले आहेत. बिचाऱ्या कुंभाची तक्रार काहीच नाही!

शहाजीराजांचे गाव आणि दुहेरी काव्य

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना येथे एकोजी म्हणतात, त्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, या प्रदेशावर भोसल्यांची गादी होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) हे स्वतः ग्रंथकार. १६९३ साली त्यांनी कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले. चाळीसहून अधिक विद्वान तेथे वसले आणि गावाला ‘शहाजीराजपुरम्’ हे नाव पडले. रामभद्र दीक्षित, श्रीधर वेंकटेश अय्यावाळ ही त्यांतली ठळक नावे. आजही गाडीने वीस मिनिटांत तेथे जाता येते. आपल्यापैकी ज्यांनी ते गाव पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य जाऊन यावे.

त्या काळच्या दाक्षिणात्य पंडितांना दोन अर्थांचा शब्द म्हणजे मेजवानी. मराठीत आपण त्याला श्लेष म्हणतो. कांचीकडच्या वेंकटाध्वरी या कवीने सतराव्या शतकात ‘राघवयादवीयम्’ नावाचे तीस श्लोकांचे काव्य रचले. सरळ वाचले तर रामकथा आणि तेच श्लोक उलट अक्षरक्रमाने वाचले तर कृष्णकथा! त्याआधीच्या कविराजाच्या ‘राघवपांडवीय’ काव्यात तर उलटे वाचायचीही गरज नाही. एकाच ओळीतून रामायण आणि महाभारत दोन्ही निघतात. अक्षरे तीच, शब्द कोठे तोडायचा एवढेच बदलायचे.

शहाजीराजांनी या मातीतले अनेक भाषांचे वास्तव नाटकात आणले. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकत्र नांदतात. त्यांचे मराठी नाटक ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या सुमाराचे. १८४३ सालच्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’च्या दीडशे वर्षे आधीचे! पण या नाटकाच्या नावात एक मेख आहे. पुण्या-साताऱ्याचा वाचक ‘कल्याण’ म्हणजे भले, मंगल असे समजेल. तंजावरकर प्रेक्षक मात्र नाव ऐकताच ओळखत असे, की हे लग्नाचे नाटक आहे. कारण तमिळ आणि तेलुगूत कल्याणम् म्हणजे विवाह. मराठी नाटक, मराठी राजा, पण शब्दाने कावेरीचे पाणी प्यायले होते.

बाजारातले आणि घरातले शब्द

हाच अनुभव आपण रोज घेतो. शब्द संस्कृतातून दोन्ही भाषांत गेले, पण ज्या घरी गेले त्या घरचे होऊन बसले. काही नमुने देतो.

‘अवसर’ म्हणजे आपल्याकडे संधी, सवड. तमिळात अवसरम् म्हणजे घाई. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘अवसरम्, अवसरम्’ करू लागले, तर नवा मुलगा समजतो की त्याला निवांत वेळ आहे, आणि तिकडे त्याची बस सुटत असते! ‘प्रसंग’ म्हणजे आपल्याकडे घटना किंवा वेळ, तमिळात पिरसंगम् म्हणजे भाषण. (काही वक्त्यांच्या बाबतीत ऐकणाऱ्यांवर प्रसंगच येतो, तेव्हा दोन्ही अर्थ जुळतात.) ‘उपचार’ म्हटले की आपल्याला दवाखाना आठवतो, येथे उपचारम् म्हणजे पाहुण्यांचे आगतस्वागत. ‘कष्ट’ आपल्याकडे मेहनत, येथे कष्टम् म्हणजे अडचण. ‘संसारम् कसे आहे?’ असे शेजाऱ्याने विचारले तर तो प्रपंचाची नव्हे, बायकोची चौकशी करीत असतो. ‘पाटी’ म्हटले की आपल्या मुलांना शाळा आठवावी, पण येथे पाट्टी म्हणजे आजी. आणि ‘पोळी’ मागितली तर साध्या पोळीऐवजी पुरणपोळीच पानात पडते. या गैरसमजाबद्दल मात्र कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

येथील जुन्या तंजावरी मराठी कुटुंबांशी बोलताना तर अधिकच मजा येते. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आले, आपण काल आलो. त्यांच्या बोलीत आपल्याकडे विसरले गेलेले जुने शब्द आहेत आणि तमिळ वळणेही आहेत. कोणाची मराठी शुद्ध, हा वाद करू नये. ज्या शब्दाने समोरच्यापर्यंत अर्थ पोहोचतो तो शब्द चोख.

मोडीची मोडतोड

येथवर झाली ती गंमत. आता जरा गंभीर विषयाकडे वळू.

मराठी राज्यांचा कारभार चालला तो मोडी लिपीत. तंजावरलाही हिशेब, याद्या, पत्रे मोडीत लिहिली जात आणि सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांची बाडेच्या बाडे आहेत. मोडी ही घाईची लिपी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता लिहीत जायचे. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब हे दिसायला सारखेच. शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. ‘तोरणातपडला’ असे सलग लिहिले तर तो तोरणात पडला, की तो रणात पडला? पहिल्या अर्थाने हसू येईल, दुसऱ्या अर्थाने घरात रडारड होईल. वाचणाऱ्याला मागचा-पुढचा संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले वंशाचा जो प्रचंड मराठी शिलालेख कोरून घेतला, तो मात्र बाळबोध अक्षरांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाचायचा मजकूर स्वच्छ अक्षरात हवा, असाच त्यामागे विचार असावा, असे मला वाटते.

लिपीच्या या स्वभावामुळेच ‘ध चा मा’ ही कथा मराठी मनाला इतकी पटली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिने आपल्याला एक वाक्प्रचार देऊन टाकला आहे.

दोन अर्थांचा उपयोग मुद्दाम करून घेतल्याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घात झाला. ती बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. त्यात युद्धाचे नावही नव्हते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. वाटेत कोणी पत्र पकडले असते तर त्याला वाटले असते, एका पेढीचे दिवाळे वाजले. ज्याच्यासाठी पत्र होते त्याला कळले, की विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले, मोठे सरदार गेले, आणि सामान्य शिपायांची गणतीच नाही. आमच्या धंद्यात मोती, मोहरा, खुर्दा हे रोजचे शब्द. पण हे पत्र आठवले की ते उच्चारताना आजही जीभ अडखळते.

‘देऊ नये’ : आज्ञा की सल्ला?

आता तंजावरच्या गादीचा प्रश्न. १७८७ साली तुळजाजीराजे वारले. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी त्यांनी भोसले कुळातल्या सरफोजी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले होते. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनीही गादीवर हक्क सांगितला. तोवर इंग्रज कंपनी तंजावरची तारणहार होऊन बसली होती, त्यामुळे निवाडा मद्रासच्या गव्हर्नरकडे गेला. त्याने पंडितांची सभा भरवली. पंडितांनी निर्णय दिला, की दत्तक अशास्त्रीय आहे. कारणे तीन. राजाची प्रकृती व मनःस्थिती ठीक नव्हती, मुलाचे वय अधिक होते, आणि तो आपल्या बापाचा एकुलता एक मुलगा होता. एकुलता मुलगा देऊ नये व घेऊ नये, असे वसिष्ठांचे वचन आहे. झाले, अमरसिंह गादीवर बसले.

पण शास्त्रवचनात ‘देऊ नये’ असे म्हटले म्हणजे नेमके काय? दिल्यास दत्तक रद्द होते, की दिल्यास देणाऱ्याला दोष लागतो पण दत्तक टिकते? ‘घरात चप्पल घालून येऊ नये’ असे आपण म्हणतो. कोणी आलाच, तर तो आला नाही असे काही होत नाही! मीमांसाशास्त्र या फरकावरच उभे आहे. कोणते वचन बंधनकारक आज्ञा आणि कोणते केवळ हितोपदेश, हे ठरवणे हाच त्यातला मुख्य उद्योग.

सरफोजींचा सांभाळ करणारे मिशनरी श्वार्ट्झ यांनी पाठपुरावा केला. पुढे बंगाल आणि काशीच्या पंडितांची मते मागवली गेली. त्यांनी दत्तक वैध ठरवले. १७९८ साली अमरसिंह गादीवरून उतरले आणि सरफोजीराजे गादीवर बसले. वचन तेच, शास्त्र तेच, पंडितही तितकेच विद्वान, पण निकाल उलटा. अर्थात कंपनीची सोय दोन्ही वेळा पंडितांच्या पाठीशी उभी होती, हे विसरून चालणार नाही. दोन अर्थ निघू शकतात तेथे बहुधा बळकटाला हवा तो अर्थ निघतो.

अमरसिंहराजे नंतर आपल्या कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. तेथे त्यांचा छोटासा दरबार आणि संगीताचा व्यासंग चालू राहिला. दोन शब्दांच्या अर्थाने एका राजाला तंजावरहून येथे आणून सोडले. त्या गावी महालिंगस्वामींच्या दर्शनाला आपण जातो तेव्हा ही आठवण ठेवावी.

आणि त्या वचनाचा शेवटचा निकाल कधी लागला? १८९९ साली! मद्रास आणि अलाहाबादकडून आलेल्या दोन अपिलांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की एकुलत्या मुलाचे दत्तक अवैध नाही, वसिष्ठांचे वचन हा उपदेश आहे. तोपर्यंत तुळजाजी, अमरसिंह, सरफोजी आणि तंजावरचे राज्य, सारे काळाच्या पडद्याआड गेले होते.

‘दौलत’ कोणाची?

सरफोजीराजांना गादी मिळाली, पण तिची किंमत मोजावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. सरफोजीराजांनी उरलेल्या आयुष्यात ग्रंथ जमवले, सरस्वती महाल वाढवला. १८३२ साली ते गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. त्यांना पुत्र नव्हता. कंपनीने जाहीर केले, की तंजावरची गादी संपली.

ऑक्टोबर १८५६ मध्ये कंपनीचा कमिशनर फोर्ब्स लष्कर घेऊन राजवाड्यात गेला आणि त्याने जामदारखान्यासह सर्व काही ताब्यात घेतले. जडजवाहीर, हत्ती-घोडे, जमिनी, ग्रंथ, सारे. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. कंपनीच्या राज्यात, कंपनीच्याच विरुद्ध, एका विधवा मराठा राणीने! त्यांचे म्हणणे सरळ होते. राज्य गेले असेल तर गेले, पण माझ्या पतीची खाजगी मिळकत ही राज्य नव्हे. ती हिंदू कायद्याप्रमाणे विधवेची आहे. मद्रासच्या कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली.

येथे एका मराठी शब्दाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द म्हणजे ‘दौलत’. जुन्या कागदांत ‘मराठी दौलत’ म्हणजे मराठ्यांचे राज्य. आणि बोलीभाषेत दौलत म्हणजे पैसाअडका, संपत्ती. राजाचे राज्य आणि राजाचे धन या दोहोंना एकच शब्द. आपल्या पूर्वजांना यातला फरक कळत नव्हता असे नाही. होळकरांच्या संस्थानात दौलतीचा खजिना वेगळा आणि ‘खासगी’चा वेगळा असे. पण परक्याने हिशेब मागितला, तेव्हा जामदारखान्यातला कोणता हार दौलतीचा आणि कोणता खासगीचा हे सिद्ध करणे सोपे नव्हते.

कंपनी प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली. तेथे प्रश्नच वेगळा झाला. कंपनीने मालमत्ता घेतली ती कायद्याने आपला हक्क आहे असे समजून, की एका सत्तेने दुसऱ्या सत्तेचे सर्वस्व घेतले अशा रीतीने? पहिला अर्थ घेतला तर कोर्ट तपासू शकते. दुसरा अर्थ घेतला तर ती राजसत्तेची कृती, तिच्यावर कोणतेही कोर्ट चालत नाही. १८५९ साली लॉर्ड किंग्सडाउन यांनी दुसरा अर्थ घेतला. ही कृती न्याय्य होती की अन्याय्य, हे ठरवणे आमचे काम नव्हे, असा निकालाचा आशय होता. राणीसाहेब हरल्या. इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘कामाची बोये साहबा’ या नावाने अजरामर झाला आहे. नावाचीही त्यांनी अशी मोडतोड केली, की आपल्या माणसाला ते ओळखू येऊ नये.

पण गोष्ट येथे संपली नाही. १८६२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने आदेश काढून ती मालमत्ता राण्यांना परत दिली. थोरल्या राणीने व्यवस्था पाहावी, इतर राण्यांना उपभोग मिळावा, शेवटची राणी वारल्यावर कन्येला आणि ती नसल्यास ‘पुढील वारसांना, असल्यास’ ती जावी, अशी त्यात तरतूद होती. आता हा आदेश म्हणजे जुना हक्क परत केला, की सरकारने कृपा म्हणून नवी देणगी दिली? आणि ‘पुढील वारस’ म्हणजे राजाच्या मृत्यूच्या वेळचे, की शेवटच्या राणीच्या मृत्यूच्या वेळचे? या चार ओळींच्या अर्थावर राण्या-राण्यांत, दत्तकांत, भाऊबंदांत कज्जे चालले. कोल्हापूरच्या महाराजांपर्यंत दावेदार उभे राहिले आणि १९२० च्या दशकातसुद्धा मद्रासच्या उच्च न्यायालयाला त्यावर लांबलचक निकाल द्यावा लागला. ज्यांच्यासाठी आदेश निघाला होता त्या राण्या तोवर एकेक करून गेल्या होत्या. आदेश लिहिणाऱ्याने आणखी चार ओळी स्पष्ट लिहिल्या असत्या तर साठ वर्षांचा तंटा वाचला असता, असे माझ्यासारख्या साध्या माणसाला वाटते.

समाधान एवढेच, की सरस्वती महाल या वादळातून सुखरूप बाहेर पडला. १९१८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. ज्या कागदांच्या अर्थावरून माणसे भांडली ते कागद आज कोणीही अभ्यासू माणूस तेथे बसून पाहू शकतो.

रामानुजनचे पत्र

कुंभकोणमात बसून अशा विषयावर लिहावे आणि सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या त्या छोट्या घराची आठवण काढू नये, हे कसे चालेल? जानेवारी १९१३ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रासहून केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्यांच्या त्या काळच्या निष्कर्षांत एक असा होता, की १, २, ३, ४ अशा अनंत संख्यांची बेरीज म्हणजे उणे एक भागिले बारा! शाळेतले पोरही हसेल. हेच गणित भलत्याने वाचले तर तो मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवील, अशा अर्थाचे त्यांनीच पुढच्या पत्रात लिहिले होते.

येथे दुहेरी अर्थाचा शब्द होता ‘बरोबर’. नेहमीच्या बेरजेचा ‘बरोबर’ तेथे लागू नव्हता. अनंत श्रेणीला एक नेमके मूल्य जोडून देण्याची वेगळी रीत त्यामागे होती. केंब्रिजच्याच दुसऱ्या दोन प्राध्यापकांकडून रामानुजनना साहाय्य मिळाले नव्हते. हार्डींनाही प्रथम हा लबाडीचा प्रकार असावा अशी शंका आली. पण त्यांनी कागद फेकून दिला नाही. लिटलवुडना बरोबर घेऊन त्यांनी एकेक सूत्र कसाला लावून पाहिले आणि चोख सोने ओळखले. त्यांनी पहिलाच अर्थ धरून कागद टोपलीत टाकला असता, तर जगाचे केवढे नुकसान झाले असते!

आपण काय घ्यावे?

वाचकहो, या सर्व हकिकतींतून मला तीन गोष्टी दिसतात. शब्दाचे दोन अर्थ निघणे हा भाषेचा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. त्यातून श्लेष होतो, विनोद होतो, वेळप्रसंगी गुप्त निरोपही जातो. दुसरे, जेथे कोणाचा हक्क, पोट किंवा जीव अवलंबून असेल तेथे मात्र हा स्वभाव घातक ठरतो. मृत्युपत्र, भागीदारीचा करार, घराची वाटणी हे कागद लिहिताना श्लेष नको. चार ओळी जास्त लिहाव्या, पण स्पष्ट लिहाव्या. आपल्या धंद्यात पुष्कळ व्यवहार तोंडी चालतात, म्हणून हे विशेष सांगावेसे वाटते.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. आज आपली मुले मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात. त्यात ‘मला’, ‘माला’ आणि ‘माळा’ एकसारखेच उमटतात, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला भेद राहत नाही. म्हणजे मोडीतली अडचण आपण नव्याने ओढवून घेतली आहे, मोडीचे वळणदार सौंदर्य मात्र त्यात नाही. मोबाइलवर देवनागरी सहज लिहिता येते, ती लिहावी. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मोडी शिकावी. तंजावरच्या दप्तरांना वाचक हवे आहेत. येथील जुन्या मराठी घरांत एखादे बाड, एखादी यादी अजून पेटीत असेल, तर ती रद्दीत न घालता जाणकाराला दाखवावी. तिच्यातल्या एखाद्या शब्दाचा आपण लावतो त्याहून वेगळा अर्थ निघेल आणि कावेरीकाठच्या मराठी इतिहासाचे एखादे पान नव्याने वाचता येईल.

अर्थ समजल्यावाचून अक्षर लिहायचे नाही, ही अट विघ्नहर्त्याने स्वतः मान्य केली होती. त्याच्या भक्तांनीही ती मान्य करावी, एवढीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!